लगाम घालणाऱ्या पेशी
सुरुवात परळपासून करू. १९५८ साली तिथल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्यापासून लस झाली. लसच कशाला? तर लेप्रोमॅटस कुष्ठरोगात अंगभर जंतू असतात आणि प्रतिकारशक्ती ढिम्म! इतर जंतूंशी तीच प्रतिकारशक्ती लढते, बरं का. मग इथेच तिला रोखतं कोण?

येलच्या रिचर्ड गर्शन यांनी १९७० च्या सुमारास उत्तर सुचवलं: दाबून ठेवणाऱ्या टी-पेशी. १९७९ मध्ये त्या कुष्ठरुग्णांतही दिसल्याचं प्रसिद्ध झालं. पण ज्या 'आय-जे' जनुकावर सगळी भिस्त, ते सांगितलेल्या जागी सापडलंच नाही. मग या पेशींचं नाव काढायचीही चोरी झाली.

जपानचे शिमोन साकागुची मात्र हटले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ ही खूण असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी थायमस नसलेल्या उंदरांत सोडल्या. त्या उंदरांच्याच अवयवांवर उलटल्या! वगळलेल्या पेशीही सोबत दिल्या, की आजार टळे. २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांना फॉक्सपी-३ जनुक सापडलं, आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळालं.

आम्हाला विचाराल तर गर्शनचा प्रश्न बरोबर होता, पुरावा कच्चा. फॉक्सपी-३ असलेल्या पेशी पुढे लेप्रोमॅटस रुग्णांतही आढळल्या. सगळा दोष मात्र त्यांच्याच माथी मारता येत नाही.