गांधीजींची इंटर्नशिप

लॉ करणाऱ्या दोस्तांसाठी आजचा भाग.

१० जून १८९१ ला गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. पण मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच केसला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना!

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या पेढीच्या कामाला गेले. दावा ४० हजार पौंडांचा, सगळा हिशेबाचा. आणि यांना जमाखर्च येत नव्हता. पुस्तक आणून शिकले, कागदन्‌कागद वाचून काढला. ज्युनियर सिनियरच्या चेंबरमध्ये जे शिकतो ते इथे मिळालं, असं आत्मकथेत ते सांगतात.

मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडेही नवखा माणूस जुना कोड वाचूनच तयार होतो. म्हणून इंटर्नशिप शोधताना ऑफिसची पाटी नंतर बघा. आधी विचारा, ‘फाइल वाचायला मिळेल ना?’