बालग्रंथालये व लोकसहकार्य

मुलांच्या वाचनाची सोय करणे, त्यांना ग्रंथांची गोडी लावणे आणि त्यासाठी कथाकथन, वाचनमंडळे, चित्रप्रदर्शने, बाहुल्यांचे खेळ यांसारखे कार्यक्रम योजणे, हे आधुनिक सार्वजनिक ग्रंथालयाचे एक प्रमुख कार्य मानले जाते. हे कार्य ग्रंथालयाने एकट्याने क्वचितच पार पाडले आहे. शाळा, बालकल्याण संस्था, वस्तीतील सेवाकेंद्रे, धर्मसंस्था, ग्रामस्थांची मंडळे, आरोग्यसेवा इत्यादींशी जोडलेल्या संबंधांतूनच बालविभागांचा विस्तार झालेला दिसतो. प्रौढ वाचक ग्रंथालयात स्वतःहून येतो. मूल मात्र कोणीतरी आणल्याशिवाय किंवा पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचविल्याशिवाय सहसा वाचक होत नाही, हे त्यामागील साधे कारण होय. अशा सहकार्यात खर्च कोणी सोसावयाचा, कोणत्या मुलांना प्रवेश द्यावयाचा आणि त्यांनी काय वाचावे हे कोणी ठरवावयाचे, हे प्रश्न आरंभापासून उपस्थित झाले आणि निरनिराळ्या देशांत त्यांची उत्तरे निरनिराळी दिली गेली.

प्रारंभ : बालग्रंथालयाचे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक उदाहरण अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील सॉल्झबरी या गावी आढळते. मूळचे तेथील व बॉस्टन येथे पुस्तकविक्रीचा व्यवसाय करणारे केलब बिंगम यांनी १८०३ मध्ये आपल्या गावातील नऊ ते सोळा वर्षे वयाच्या मुलांसाठी सुमारे १५० ग्रंथांची देणगी दिली. पुढे १८१० मध्ये नगरसभेने या संग्रहासाठी सार्वजनिक निधीतून रक्कम मंजूर केली. खाजगी देणगी आणि लोकांनी स्वीकारलेली जबाबदारी यांचा हा मेळ पुढील अनेक प्रयत्नांना नमुनेदार ठरला. इंग्लंडमध्ये १८५० च्या ग्रंथालय कायद्यानंतर मँचेस्टर येथे १८६२ मध्ये मुलग्यांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष उघडण्यात आला, तर नॉटिंगहॅम येथे १८८२ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र ग्रंथालय स्थापन झाले.

तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत बारा ते चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसे. मुले पुस्तके खराब करतात व शांतता भंग करतात, अशी समजूत रूढ होती. अमेरिकन शासनाने १८७६ मध्ये ग्रंथालयांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात विल्यम फ्लेचर यांनी या वयोमर्यादेवर टीका केली. वाचनाची आवड जडण्याचे वय उलटून गेल्यावर दार उघडण्यात काय हशील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

शाळांशी सहकार्य : वयोमर्यादेची भिंत प्रथम शाळेच्या बाजूने खचली. मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन (१८३७–१९१८) यांनी १८७९ मध्ये शिक्षकांशी विचारविनिमय करून पाठ्यविषयांशी संबंधित पुस्तके वर्गासाठी शाळेत नेण्याची मुभा दिली. त्यामुळे ग्रंथालयाचा संग्रह मुलांच्या हाती पडू लागला. हार्टफर्ड येथील कॅरोलाइन ह्यूइन्स (१८४६–१९२६) यांनी १८८२ मध्ये देशातील पंचवीस ग्रंथालयांकडे प्रश्नावली पाठवून मुलांच्या वाचनाची स्थिती जाणून घेतली व अमेरिकन ग्रंथालय संघापुढे तिचा अहवाल ठेवला. ह्यूइन्स यांचे कार्य अहवालापुरते मर्यादित राहिले नाही. शहरातील स्थलांतरितांच्या वस्तीत चालणाऱ्या एका सेवाकेंद्रात त्या अनेक वर्षे वास्तव्य करून होत्या आणि तेथे त्यांनी ग्रंथालयाची शाखा चालविली. वस्तीतील कुटुंबांशी नित्याचा संबंध आल्यामुळे कोणत्या घरी वाचणारे कोणी नाही, कोणत्या मुलास शाळा सोडून कामास जावे लागते, यांची माहिती ग्रंथपालास प्रत्यक्ष होऊ लागली.

गृहग्रंथालये : ग्रंथालयाने मुलाच्या घरी जाण्याची कल्पना मूळ ग्रंथपालांची नव्हे. बॉस्टन येथील बालसाहाय्य संस्थेचे चार्ल्स बर्टवेल यांनी १८८७ मध्ये ती अंमलात आणली. सुमारे वीस पुस्तकांची एक लहान कपाटवजा पेटी एखाद्या गरीब कुटुंबात ठेवीत. शेजारची दहाएक मुले तिचे सभासद होत आणि त्या घरातील मूल छोट्या ग्रंथपालाचे काम करी. आठवड्यातून एकदा एक स्वयंसेवक येऊन पुस्तकांविषयी गप्पा मारी, गोष्टी सांगे, मुलांबरोबर खेळ खेळे. ठराविक काळाने पेटी बदलण्यात येई. पिट्सबर्ग येथील कार्नेगी ग्रंथालयाने फ्रान्सिस जेंकिन्स ऑल्कट यांच्या नेतृत्वाखाली १८९८ पासून ही पद्धत स्वीकारली आणि कारखान्यांच्या परिसरातील वस्त्यांत ती रुजविली. समाजसेवी संस्थेची ओळख, स्वयंसेवकांचा वेळ आणि ग्रंथालयाचा संग्रह व प्रशिक्षण असे तीन घटक या योजनेत एकत्र आले. अशा कामासाठी केवळ ग्रंथसूची व वर्गीकरण यांचे ज्ञान पुरेसे नाही, हे ध्यानात आल्याने पिट्सबर्ग येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बालग्रंथपालांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणवर्ग सुरू झाला.

कथाकथन व भाषेचा प्रश्न : ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूट या संस्थेच्या ग्रंथालयात १८९६ मध्ये बालकक्षाची सूत्रे ॲन कॅरल मूर (१८७१–१९६१) यांनी घेतली. १९०६ मध्ये त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. बालकक्षातील कथाकथनाचा तास हा त्यांच्या काळात नियमित कार्यक्रम बनला. न्यूयॉर्कच्या अनेक शाखांत येणारी मुले परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील होती. त्यांना केवळ इंग्रजी शिकवून नव्या देशात सामावून घ्यावयाचे, की त्यांच्या घरच्या भाषेलाही ग्रंथालयात स्थान द्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

त्याचे सर्वांत बोलके उत्तर प्वेर्तो रीको येथून आलेल्या पुरा बेल्प्रे यांच्या कार्यात सापडते. १९२१ मध्ये त्या हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत रुजू झाल्या. १९२९ पासून त्यांनी ११५ व्या रस्त्यावरील शाखेत स्पॅनिश भाषिक वस्तीसाठी काम केले. आपल्या आजीकडून ऐकलेल्या लोककथा त्या स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सांगत, स्वतः बनविलेल्या बाहुल्यांचा उपयोग करीत आणि वस्तीतील चर्च व सामाजिक संस्था यांच्या साहाय्याने ‘तीन राजांचा दिवस’ हा पारंपरिक सण ग्रंथालयात साजरा करीत. या कार्यक्रमांमुळे इंग्रजी न येणारे पालकही मुलांसमवेत ग्रंथालयात येऊ लागले. सांगितल्या जाणाऱ्या कथा छापील संग्रहात उपलब्ध नसल्याने बेल्प्रे यांनी त्या लिहिण्यास प्रारंभ केला आणि त्यांतील एक १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वस्तीने ग्रंथालयास केवळ श्रोते पुरविले असे नव्हे, तर साहित्यही पुरविले.

वंशभेदाची मर्यादा : सहकार्याचा विस्तार सर्व मुलांपर्यंत सारखा झाला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयांत सामान्यतः प्रवेश नव्हता. केंटकी राज्यातील लूइव्हिल येथे १९०५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी शाखा उघडण्यात आली. तिचे प्रमुख टॉमस फाउंटन ब्ल्यू (१८६६–१९३५) यांनी कृष्णवर्णीयांच्या शाळांत पुस्तकांचे संच ठेवले, कथाकथनाचे तास व मुलग्यांचे वादविवाद मंडळ चालविले आणि इतर शहरांतील कृष्णवर्णीय ग्रंथपालांना प्रशिक्षण दिले. ही शाखा भेदाच्या व्यवस्थेतून निर्माण झाली होती, हे खरे. परंतु शाळा, चर्च व ग्रंथालय यांच्या एकजुटीमुळे ती वस्तीचे केंद्र बनली.

न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टा बेकर (१९११–९८) १९३७ मध्ये १३५ व्या रस्त्यावरील शाखेत बालग्रंथपाल झाल्या. कृष्णवर्णीय मुलांना आपल्या जीवनाचे विपर्यस्त व हास्यास्पद चित्रण करणारी पुस्तके वाचावयास मिळतात, हे त्यांच्या लक्षात आले. वस्तीतील नागरिकांच्या पाठिंब्याने त्यांनी १९३९ मध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या स्मरणार्थ एक निवडक बालग्रंथसंग्रह उभारला, लेखक व प्रकाशक यांच्याकडे चांगल्या पुस्तकांसाठी सतत पाठपुरावा केला आणि निवडक ग्रंथांच्या सूची प्रसिद्ध केल्या. मुलांना ग्रंथालयात आणणे एवढ्यावर काम संपत नाही, तेथे त्यांच्यासाठी काय ठेवले आहे हेही पाहावे लागते, हा विचार या कार्यातून दृढ झाला.

बडोदे संस्थान : भारतात या प्रकारच्या सहकार्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. शाळेत शिकलेली अक्षरओळख पुढे वाचनाअभावी पुसली जाऊ नये, हा ग्रंथालय योजनेमागील मुख्य हेतू होता. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना १९१० मध्ये पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यातील चित्रे, खेळ व पुस्तके यांनी युक्त असा बालविभाग, तसेच लाकडी पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये ही या योजनेची अंगे होती. १९१२ मध्ये सुरू झालेले ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघत असे.

या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या अर्थव्यवस्थेत होते. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम उभी केली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत व तेवढीच संस्थान सरकार देई. लोकांनी काहीच न केल्यास सरकारही काही देत नसे. त्यामुळे ग्रंथालय हे सरकारी कचेरी न ठरता गावाची संस्था ठरले. मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) या शिक्षकाने मित्रमंडळांच्या द्वारा गावोगावी वाचनालये काढून ही भूमी आधीच तयार केली होती. मात्र या सूत्राची दुसरी बाजूही होती. ज्या गावाची वर्गणी देण्याची ऐपत नसेल, त्याची मुले मागे राहण्याचा संभव त्यात होता. फिरत्या पेट्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. १९४९ मध्ये संस्थानचे विलीनीकरण झाल्यानंतर हे त्रिपक्षीय सूत्र मूळ स्वरूपात राहिले नाही.

जपानमधील बुंको : जपानमध्ये प्रवाह उलट दिशेने वाहिला. बालसाहित्यिक मोमोको इशी (१९०७–२००८) यांनी १९५८ मध्ये टोकिओतील आपल्या घरी शेजारच्या मुलांसाठी एक खोली उघडली. ‘बुंको’ या नावाने ओळखली जाणारी अशी घरगुती ग्रंथालये पुढील दोन दशकांत देशभर पसरली. ती चालविणाऱ्या बहुतांशी गृहिणी असत. आपल्या अपुऱ्या संग्रहासाठी त्यांनी नगरपालिकांकडे पुस्तकांची मागणी केली, संघटना बांधल्या व नव्या ग्रंथालयांसाठी आग्रह धरला. १९६५ मध्ये हिनो शहराने इमारतीऐवजी फिरत्या मोटारीने ग्रंथालयसेवा सुरू केली आणि लवकरच वापरातून काढलेल्या एका ट्राममध्ये मुलांचे ग्रंथालय थाटले. जपान ग्रंथालय संघाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मुलांची सेवा हे सार्वजनिक ग्रंथालयाचे एक अग्रक्रमाचे कार्य ठरविले. स्वयंसेवी कार्य सार्वजनिक सेवेची जागा घेण्याऐवजी तिची मागणी करते, याचे हे ठळक उदाहरण होय.

आरोग्यसेवेशी संबंध : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘बुकस्टार्ट’ या प्रकल्पात ग्रंथालय, आरोग्यसेवा व ग्रंथप्रसाराचे काम करणारी संस्था एकत्र आल्या. सात ते नऊ महिन्यांच्या बाळांच्या नियमित तपासणीच्या वेळी सुमारे ३०० कुटुंबांना पुस्तक व ग्रंथालयाचे निमंत्रण देण्यात आले. ग्रंथालयाकडे कधी न फिरकणारी कुटुंबेही तपासणीसाठी येत, हे त्यामागील मर्म होते. ही योजना पुढे देशव्यापी झाली व २००१ पासून जपाननेही ती स्वीकारली. तथापि डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश शासनाने इंग्लंडमधील अनुदान थांबविण्याचे जाहीर केले आणि लोकक्षोभानंतर तो निर्णय मागे घेतला. पुढे अनुदानात मोठी कपात झाली. एका सहकाऱ्याचा निधी आटताच सर्व रचना कशी डळमळते, हे यावरून दिसून येते.

स्वातंत्र्योत्तर भारत व महाराष्ट्र : युनेस्को व भारत सरकार यांच्या सहकार्याने दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय २७ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाले. त्यात आरंभापासून बालविभाग होता. महाराष्ट्रात ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या संस्था लोकाश्रयावर उभ्या राहिल्या. साने गुरुजींच्या निधनानंतर (१९५०) लवकरच सुरू झालेल्या कथामालेने कार्यकर्ते व शिक्षक यांच्या साहाय्याने कथाकथनाची परंपरा राज्यभर नेली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता व शासकीय अनुदान देण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे येथील ग्रंथालयाचा पाया मुळातच लोकसहकार्याचा आहे; परंतु मुलांचे काम पुष्कळदा उन्हाळ्याच्या सुट्टीतील उपक्रमांपुरते राहते आणि वर्षभराच्या शालेय जीवनाशी त्याची सांगड क्वचितच घातली जाते.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्या सहकार्यात दुसऱ्या पक्षाकडून केवळ जागा वा पैसा घेतला जातो, ते सहसा अल्पजीवी ठरते. ज्यात वस्तीची भाषा, कथा आणि गरजा यांना ग्रंथालयाच्या कामात स्थान मिळते, ते टिकते. स्वयंसेवकांचा उत्साह मौल्यवान असला, तरी तो प्रशिक्षित बालग्रंथपालाची उणीव भरून काढू शकत नाही. पेटी पोहोचविणारा स्वयंसेवक, वर्गात पुस्तक नेणारा शिक्षक व बाळाची तपासणी करणारी परिचारिका हे मुलाला ग्रंथालयाच्या दारापर्यंत आणतात. दार नियमितपणे उघडे ठेवण्याची जबाबदारी मात्र सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या ग्रंथालयाचीच राहते.