ताट, चूल आणि कायदा

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि करमाळा-माढ्याच्या काठावरील माणसांचे ताट बदलले. ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. भाकरीच्या जोडीला जलाशयातील चिलापीचे कालवण आले. चिलापी मूळची आफ्रिकेची; परंतु ती खा वा खाऊ नका, असे कोणी कुणास फर्मावले नाही. लोकांनी ती चाखली आणि आपलीशी केली.

पुढे मात्र शासनाने ताटात थेट हात घातला. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोवधास बंदी होतीच. निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन कापता येई. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीस फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. खिलार जोडी जिवापाड जपणाऱ्या या काठावरील शेतकऱ्यापुढे म्हाताऱ्या बैलाचे करावे काय, हा प्रश्न पडला. गरिबाच्या घरचे स्वस्त मांसही गेले. त्याहून गंभीर म्हणजे, परराज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस घरी बाळगणे हाही गुन्हा ठरला आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर पडले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैलांची कत्तलबंदी कायम ठेवली. परंतु ही दोन कलमे घटनाबाह्य ठरविली. आपल्या घरात काय खावे हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले.

एवढ्यावर समाधान मानून आपणा ख्रिस्ती बांधवांना थांबता येणार नाही. चुलीवर पहारा ठेवण्याचे पाप आपल्याही इतिहासात आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्तसभेच्याच नावाने चाललेल्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली फर्मान काढून एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना बजावले की, हिंदूंच्या रीतीप्रमाणे भात अळणी शिजवून मागाहून मीठ घालू नये. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात हे फर्मान वाचकांपुढे ठेवले आहे. चिमूटभर मिठावरून माणसाची श्रद्धा जोखली जात होती!

शासनाने अन्नातील भेसळ रोखावी, कत्तलखान्यांची स्वच्छता पाहावी. ते त्याचे कर्तव्यच आहे. गाईला पूज्य मानणाऱ्या शेजाऱ्याच्या भावनेचा मान आपणही राखावा. परंतु प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो, ते स्वेच्छेने. दाराशी शिपाई उभा करून तोच उपवास घडविला, तर त्याला व्रत कोण म्हणेल? जे आपल्या शुक्रवारासाठी आपण मागतो, तेच शेजाऱ्याच्या ताटासाठीही मागावयास हवे, असे आम्हांस वाटते.