दोष हॉलच्या आकाराचा की भिंतींचा?

होम थिएटर घेतलेल्या मित्रांची तक्रार हल्ली एकच असते. "अरे, आमचा हॉलच विचित्र आहे." विचित्र म्हणजे काय, तर आपल्या टूबीएचकेत असतो तसाच. एल आकाराचा, एका बाजूला सलग भिंत, दुसऱ्या बाजूला डायनिंग आणि किचनकडे जाणारा पॅसेज, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. ५.१ च्या मॅन्युअलमधलं चित्र मात्र वर्तुळाचं. मध्ये तुम्ही, पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर, मागचे साधारण ११० अंशांवर, सगळे सारख्या अंतरावर. अशी खोली निदान पुण्यात तरी मी पाहिलेली नाही!

पण आकाराला दोष देण्याआधी मंडळी, एक जुनी गोष्ट ऐका.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातल्या लेक्चर हॉलमध्ये प्राध्यापक काय बोलतोय ते कुणालाच कळेना. उच्चारलेला शब्द विरायला साडेपाच सेकंद लागायचे. म्हणजे एका शब्दाच्या शेपटीवर पुढचे दहाबारा शब्द चढलेले! अध्यक्ष एलियट यांनी हे काम फिजिक्सच्या एका तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात घातलं. त्याचं नाव वॉलेस सबाईन, वय २७. (म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. मला अजून बग फिक्सिंगच मिळतंय. असो.)

आता यातली गंमत बघा. फॉगचा हॉल शेजारच्याच सँडर्स थिएटरच्या धर्तीवर बांधलेला होता, आणि सँडर्समध्ये तर उत्तम ऐकू यायचं. आकाराची नक्कल करूनही आवाज आला नाही. फरक होता तो आतल्या मालात. सँडर्स आतून लाकडी, तर फॉगमध्ये टाइलवर प्लॅस्टर.

सबाईनने मग काय करावं? त्याने सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलल्या. रस्त्यावरचा गोंगाट थांबला की रात्री गाद्या फॉगमध्ये आणायच्या, ऑर्गनची नळी ५१२ हर्ट्झवर वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. कानाने! मायक्रोफोन नाही, काही नाही. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. सँडर्समधल्या झाडून सगळ्या गाद्या आणल्या तेव्हा ५.६२ सेकंदांचा वेळ १.१४ वर आला. अंगावरच्या कपड्यांनीही आकडे बदलतात हे लक्षात आल्यावर तो मोजणीला एकच ठरलेला पोशाख घालून बसू लागला. टेस्टिंगवाल्यांनी याचा फोटो डेस्कवर लावायला हवा.

या आकड्यांतून १८९८ मध्ये सूत्र निघालं. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषणाचं माप म्हणून त्याने घेतली उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. सूत्रात लांबी, रुंदी, कोपरे काही नाही. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच हिशोबावर उभा राहिला, आणि आजही तो जगातल्या उत्तम हॉल्समध्ये मोजला जातो.

आता आपला हॉल घ्या. ५ बाय ३.५ मीटर, उंची २.८. घनफळ ४९. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि प्लॅस्टर आवाजाचा दोनतीन टक्केच गिळतात, म्हणजे रिकाम्या खोलीचं शोषण फार तर अडीच. उत्तर येतं तीन सेकंदांच्या वर. (पझेशनच्या दिवशी रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघितली असेलच.) सोफा, जाड पडदे, गालिचा, बसलेली माणसं आणि उघडा पॅसेज धरून शोषण बारावर गेलं, तर वेळ पाऊण सेकंदाच्या खाली. नव्या रिसीव्हरला ४० हजार घालवूनही हे होत नाही, कारण गुंता रिसीव्हरमध्ये नाहीच मुळी.

मग आकाराचा काहीच दोष नाही? आहे ना. पॅसेज ही सबाईनची उघडी खिडकीच, पण एकाच बाजूला. समोरची भिंत आवाज परत फेकते, पॅसेज गिळतो, आणि सगळा सिनेमा भिंतीकडे सरकतो. तेव्हा जाड पडदा किंवा पुस्तकांनी भरलेलं शेल्फ त्या भिंतीवर हवं, सोफ्यावरून आरसा धरला तर स्पीकर दिसेल त्या जागी.

मागचे स्पीकर कानाशी येतात त्याचं उत्तर १९४९ चं. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास याने पीएचडीत दाखवलं की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत तोच आवाज दुसरीकडून आला तर कानाला तो वेगळा वाटत नाही. आधी पोचला त्याचीच दिशा खरी. आवाजाला एक मीटरला तीन मिलिसेकंद लागतात. पुढचा स्पीकर तीन मीटरवर आणि मागचा एकावर असेल तर मागचा सहा मिलिसेकंद आधी पोचून भाव खातो. सेटअप मेन्यूत अंतर विचारतात ते यासाठी, रिसीव्हर जवळच्याला तेवढा थांबवतो. टेप घेऊन खरं अंतर भरा, अंदाजपंचे नको.

राहिला बास. तिथे गाद्या हात टेकतात, हे सबाईनच्याही पुढच्या मोजण्यांत दिसलं होतं. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झ घुमतोच, आणि कोपऱ्यातला सबवूफर त्याला आणखी फुगवतो. एक सोपा उपाय करून बघा. सबवूफर सोफ्यावर ठेवा, बासचं गाणं लावा, आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे बास सारखा ऐकू येतो तिथे सबवूफरची जागा. फक्त घरी कुणी नसताना करा.