खबरदार!

फारसीत ‘खबरदार’ म्हणजे ज्याच्यापाशी खबर आहे तो, जाणता माणूस. शब्दात धाक नाही, दरारा नाही. तुर्कीत आजही ‘हाबेरदार’ म्हणजे ‘ठाऊक असलेला’, आणि कुणाला हाबेरदार करणे म्हणजे त्याला एखादी गोष्ट कळवणे. आपल्याकडे मात्र ‘खबरदार’ म्हटले की पुढचा माणूस पाऊल टाकायचे थांबतो. पाठ्यपुस्तकातल्या कवितेत खिंड अडवून उभा असलेला मावळी पोरगा घोडेस्वाराला याच शब्दाने रोखतो, तेव्हा तो काही त्याला बातम्या ऐकवत नसतो. प्रवास साधारण असा झाला असावा: ज्याला खबर असते तो सावध असतो, म्हणून खबरदार म्हणजे सावध, मग ‘सावध राहा’ ही आज्ञा, आणि आज्ञेचा आवाज चढला की धमकी. इंग्रजांच्या कानांनीही ती आरोळीच टिपली. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या जुन्या कोशात हा शब्द आहे, तो हुशारीचा इशारा म्हणून.

खरी मौज आहे ती भाववाचकात. धमकीचा सगळा जोर ‘खबरदार’ने एकट्याने उचलला आणि ‘खबरदारी’ सौम्य राहिली. साथ आली की नगरपालिकेचा फलक लागतो तो ‘खबरदारीचे उपाय’ असा. पाणी उकळून प्या, तापाचा रुग्ण दिसल्यास कळवा. यातली शेवटची सूचना शब्दाच्या मूळ अर्थाशी सर्वांत इमानी आहे. खबर दिल्या-घेतल्याशिवाय खबरदारी होत नाही, हे व्युत्पत्तीने आधी सांगितले आणि कायद्याने मागून. त्या कायद्याकडे जायचेच आहे, पण आधी प्रत्ययाचे बघू.

‘-दार’ हा फारसी ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे या क्रियापदाचा अंश. त्याच्या मुळाशी जुना इराणी ‘दर्’ आहे, आणि तो आपल्या ‘धृ’चा सख्खा भाऊ. म्हणजे जमीनदार आणि भूधर यांत नुसती पोशाखाची तफावत. हवालदार, चोपदार, बातमीदार, सगळे काही ना काही धरून आहेत. जबाबदार त्याच पंगतीतला: अरबी ‘जवाब’ जवळ बाळगणारा. खबरदार आणि जबाबदार ही जोडी मला फार बोलकी वाटते. पहिल्यापाशी खबर असते, दुसऱ्यापाशी उत्तर असावे लागते. पहिल्याला दुसरा करून सोडणे हा कायद्याचा जुना उद्योग दिसतो.

अरबी ख-ब-र या धातूचा गोतावळाही मोठा आहे. ‘खबीर’ म्हणजे तज्ज्ञ. ‘अखबार’ हे खबरचे अनेकवचन, पेशवाईच्या दप्तरांतून आपल्या ओळखीचे. ‘मुखाबरात’ म्हणजे गुप्तवार्ता खाते. अरबी व्याकरणात वाक्याच्या विधेयालाच ‘खबर’ म्हणतात: उद्देश्य आधी, मग त्याच्याविषयीची खबर. आणि हा शब्द जहाजांबरोबर जिथे जिथे गेला तिथे तो प्रकृतीची चौकशी करू लागला. इंडोनेशियात ‘अपा काबार?’ म्हणजे शब्दशः ‘काय खबर?’, अर्थ ‘कसे आहात?’. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘हाबारी’ हेच अभिवादन. आपल्या गोव्यात ‘कितें खबर?’ ऐकले नाही असा दिवस जात नाही. मराठीत ‘खबर घेणे’ म्हणजे विचारपूस करणे आणि चांगला चोप देणे, दोन्ही. सरकारने प्रजेच्या आरोग्याची खबर घेतली तेव्हाही हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडले.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे ही खबर दिली डॉ. अकासियो व्हिएगास यांनी, मूळचे गोव्याचे. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोगांचा अधिनियम मंजूर झाला. जेमतेम चार कलमे. सरकारला वाटेल ते नियम करता यावेत, आगगाडीच्या उतारूंची तपासणी करावी, नुसता संशय आला तरी माणसाला वेगळे ठेवावे, मोडेल त्याला शिक्षा व्हावी आणि राबवणाऱ्याला संरक्षण मिळावे. रुग्णाला काय कळवायचे, त्याच्याविषयी काय कुणाला कळवायचे नाही, याबद्दल अवाक्षर नाही. खबर खालून वर जाणार, वरून खाली येणार ते सोजीर. पुण्यात घरझडत्या झाल्या, लोक आजारी माणसे लपवू लागले, आणि २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास वाचकांना पाठ आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की खबर देण्याची सक्ती केली आणि तिच्या राखणीचे आश्वासन दिले नाही की खबर दडते. साथ मात्र दडत नाही.

‘साथ’ही जाता जाता पाहून घ्यावी. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. प्राकृतात ‘सत्थ’, मराठीत ‘साथ’. सोबत हा अर्थ तिथूनच आला. रोगाला साथ म्हणण्यामागे ‘तांड्याने येणारा’ ही कल्पना असावी. प्लेग खरोखरच व्यापाराच्या वाटांनी आणि गलबतांतून फिरला, तेव्हा शब्दाला इतिहासाने दुजोरा दिला असे म्हणायला हरकत नाही. व्हेनिसकरांनी जहाजे चाळीस दिवस खोळंबून ठेवली, त्या ‘चाळीस’मधून क्वारंटाइन निघाले, हे २०२०मध्ये सगळ्यांनी इतक्यांदा वाचले आहे की मी थांबतो.

राखणीवरून आठवले ते ‘गुप्’. ‘गोपनीय’, ‘गुप्त’, ‘गुप्तहेर’ यांचा हा धातू आपण ‘लपवणे’ या अर्थी घेतो. पण तो मुळात धातूच नसावा. ‘गोपा’ म्हणजे गाईंचा राखण्या. त्यावरून ‘गोपायति’, राखतो. आणि त्यातून कातून काढलेला ‘गुप्’. वेदकाळी अर्थ राखण्याचा, मागाहून झाकण्याचा. गुप्तवंशाचे राजे लपलेले नव्हते, रक्षिलेले होते. म्हणजे माहितीची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता यांत भेद करण्यात आज तज्ज्ञ शाई खर्चतात, ते दोन्ही एका गुराख्याच्या काठीत सामावलेले आहेत.

याच ‘गुप्’चे इच्छार्थक रूप ‘जुगुप्सा’. स्वतःला राखण्याची, दूर ठेवण्याची इच्छा; आणि तिथून किळस. वैयाकरणांनी नुसता नियम लावला, पण त्यात वैद्यकाचा अर्धा इतिहास आला. ज्या रोगाची जुगुप्सा, त्याचीच गोपनीयता हवी. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ वाचताना हे नाते सारखे जाणवते. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कुणालाही आपली एचआयव्ही-स्थिती उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि अकरावे कलम म्हणते की अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी. ‘बाळगणाऱ्या’ म्हणजे पुन्हा ‘-दार’च. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तोही २०१७मध्येच, २४ ऑगस्टला.

क्षयाची गोष्ट थोडी निराळी. ७ मे २०१२पासून प्रत्येक क्षयरुग्णाची खबर सरकारला देणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. नोंदणीच्या संगणकीय प्रणालीचे नाव ‘निक्षय’. नाव सुरेख, पण ‘निःक्षत्रिय’ लिहिणाऱ्यांना इथे विसर्ग हवासा वाटेल; नुसत्या ‘नि’ने क्षय जात नाही, त्याला ‘निस्’ लागतो. अर्थात विसर्गासाठी कुणी औषध थांबवणार नाही. आणि ‘अधिसूचित’ हा शब्द? ‘सूचना’चे नाते ‘सूची’शी, म्हणजे सुईशी असावे; टोचून दाखवणे ते सुचवणे. कायद्याने अधिसूचित केलेला रोग म्हणजे नेमकी सुई ठेवलेला.

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. ‘शिक्का’ हा अरबी ‘सिक्का’, नाण्याचा ठसा. मळहातावर जांभळी शाई, त्यात तारीख, आणि ती दिसली म्हणून आगगाडीतून उतरवले गेलेले प्रवासी. आरोग्याची माहिती दप्तरात न ठेवता थेट कातडीवर प्रसिद्ध केली की तिला कुलूप कुठे लावणार? अडचणीचा काळ होता हे मान्य. पण शिक्क्याला आधार होता तो त्या १८९७च्या चार कलमांचाच, आणि ते वळण लपले नाही.

आता दुसऱ्या प्रकारची साथ. संगणकाला ‘व्हायरस’ लागतो तो आपण वैद्यकाकडून उसना घेतला. लॅटिन ‘वीरुस’ म्हणजे विष, आणि तो संस्कृत ‘विष’चाच सगोत्र. मराठीत ‘विषाणू’ घडवणाऱ्याने जाणूनबुजून केले की नकळत, पण हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले भाऊ त्याने एका खोलीत आणून बसवले. या साथीलाही खबरेचा कायदा आहे. संगणकसुरक्षेची ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय यंत्रणा. तिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी लागते. ती वर्दीही वरच जाते.

वळण आले ते डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने, २०२३मध्ये. माहिती फुटली तर विदा संरक्षण मंडळाला कळवायचेच, शिवाय जिची माहिती फुटली त्या प्रत्येक व्यक्तीलाही. न कळवल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. मुळात राखण नीट केली नाही तर २५० कोटींपर्यंत. म्हणजे ज्याची खबर, त्याला खबर! शंभरावर वर्षांनी ‘खबरदार’ मूळच्या तुर्की-फारसी अर्थाकडे वळला म्हणायचा. ‘विदा’ शब्दाबद्दल एक कुरकुर: ‘विद्’ धातूवरून तो शुद्ध आहे, पण हिंदीत कान तयार झालेल्याला ‘विदा’ म्हणजे निरोप. तो अरबी ‘वदाअ’वरून आलेला दिसतो. फुटलेल्या माहितीला मात्र हा अर्थ चपखल बसतो.

याच अधिनियमाने दुसऱ्या हाताने काही काढूनही घेतले. त्याच्या ४४व्या कलमाने २००५च्या माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले, आणि त्यातली व्यापक सार्वजनिक हिताची अट तिथून गेली. ‘माहीत’चे मूळ अरबी ‘माहियत’ असावे. ‘मा हिया’ म्हणजे ‘ती काय आहे?’. शब्दाच्या पोटातच प्रश्न आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला आडवे जायला गोपनीयता वापरणे हे मला गुराख्याने गाईऐवजी कुंपण राखण्यासारखे वाटते.

उरला एक शब्द, आणि तो वाचकांवर सोपवतो. दुसऱ्याची माहिती विश्वासाने सांभाळणाऱ्या संस्थेसाठी या कायद्याने इंग्रजीत जी संज्ञा योजली आहे, तिला मराठी प्रतिशब्द हवा. ‘विश्वस्त’ चालेल, पण त्यावर न्यासांचा आणि देवस्थानांचा आधीच ताबा. अरबी ‘अमानत’ मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. इमान, अमीन, अगदी प्रार्थनेतले आमेनही बहुधा याच कुळातले. दुसऱ्याची ठेव, मागताच परत करायची, आपली नव्हे: अर्थ नेमका तोच. तेव्हा माझी सूचना ‘अनामतदार’. रुग्णालय आपल्या रक्ततपासणीच्या अहवालाचे अनामतदार, बँक आपल्या खातेक्रमांकाची. याहून बरा शब्द सुचला तर जरूर कळवा. फक्त शेवटचा ‘-दार’ शक्यतो काढू नका.