तैगा वनांतील मृदा-कार्बन

तैगा वनांतील मृदा-कार्बन म्हणजे उत्तर गोलार्धातील शीत प्रदेशांतल्या सूचिपर्णी वनांच्या जमिनीत सेंद्रिय पदार्थांच्या रूपाने साठलेला कार्बन होय. सुमारे ५०° ते ७०° उत्तर अक्षांशांच्या दरम्यान अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया व रशिया या प्रदेशांतून ही वने पट्ट्यासारखी पसरली आहेत. त्यांना बोरियल वने असेही म्हणतात. स्प्रूस, पाइन, फर, लार्च व बर्च हे तेथील प्रमुख वृक्ष होत.

साठ्याचे प्रमाण

हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २००० सालच्या अहवालातील अंदाजानुसार तैगातील वनस्पतींमध्ये सुमारे ८८ अब्ज टन, तर वरच्या एक मीटर मृदेत सुमारे ४७१ अब्ज टन कार्बन आहे. उष्णकटिबंधीय वनांत हे आकडे अनुक्रमे २१२ व २१६ अब्ज टन आहेत. म्हणजेच तैगाचा बहुतांश कार्बन झाडांत नसून जमिनीत आहे. झाडांची वाढ जोमदार असल्यामुळे हा साठा निर्माण झालेला नाही. वाढ मंद असली, तरी कुजण्याची क्रिया त्याहून मंद असल्यामुळे तो हजारो वर्षांत साचत गेला आहे.

विघटनाची प्रक्रिया

पालापाचोळा, मृत मुळे व शेवाळ यांचे विघटन मुख्यतः कवके आणि जीवाणू करतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत परत जातो. सूचिपर्णी वृक्षांच्या पानांत लिग्निन व राळेचे प्रमाण अधिक आणि नायट्रोजन कमी असल्याने ती लवकर कुजत नाहीत. मृदेची आम्लताही या क्रियेस प्रतिकूल ठरते. स्वीडनमधील सरोवरांतल्या बेटांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील मृदेत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के कार्बन मुळे व त्यांच्याशी निगडित कवके यांपासून आल्याचे आढळले.

हवामानाचे परिणाम

तापमान : तापमान १०° से.ने वाढल्यास विघटनाचा वेग सामान्यतः दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. मात्र विघटनातून नायट्रोजन मोकळा होऊन झाडांची वाढ सुधारते व जमिनीवर अधिक पालापाचोळा पडतो. त्यामुळे साठा वाढेल की घटेल, हे या दोन क्रियांच्या तोलावर ठरते.

ओलावा : पाणी साचलेल्या जमिनीत ऑक्सिजन पोहोचत नाही, विघटन खुंटते व पीटचे थर तयार होतात. अशा ठिकाणी मिथेन वायूही निर्माण होतो. पाण्याची पातळी खाली गेल्यास हवा आत शिरते आणि जुने पीट कुजू लागते. याउलट, वरचा थर फार कोरडा पडल्यासही विघटन मंदावते.

कायमगोठित भूमी : तैगाच्या उत्तर भागात, विशेषतः सायबेरियात, जमिनीचा खोल थर वर्षभर गोठलेला असतो. तो वितळला की हजारो वर्षे जणू शीतकपाटात राहिलेले सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीवांना उपलब्ध होतात.

वणवे : वणव्यांत झाडांबरोबर जमिनीवरील सेंद्रिय थरही जळतो. कुजून शतकानुशतकांत जो कार्बन बाहेर पडला असता, तो काही दिवसांत हवेत जातो. कॅनडात २०२३ साली सुमारे १.५ कोटी हेक्टर क्षेत्र वणव्यांनी जळाले.

प्रत्यक्ष प्रयोग

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मार्सेल प्रायोगिक वनात, तैगाच्या दक्षिण सीमेलगतच्या पीटभूमीवर, ‘स्प्रूस’ नावाचा प्रयोग सुरू करण्यात आला. तेथे उघड्या छताच्या मोठ्या कक्षांत २०१५ पासून हवा व जमीन ९° से.पर्यंत अधिक तापवली गेली. तापवलेल्या भूखंडांतून कार्बनची निव्वळ घट झाली आणि तापमानवाढीबरोबर ती वाढत गेली, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले.

महत्त्व

मृदेतून बाहेर पडणारा कार्बन हवेचे तापमान वाढवतो आणि वाढलेले तापमान विघटनास वेग देते. असे हे दुष्टचक्र आहे. गेलेला कार्बन पुन्हा साठण्यास शतके लागतात. म्हणून या वनांचे मूल्यमापन करताना केवळ झाडांची संख्या मोजणे पुरेसे ठरत नाही. त्यांच्या पायाखालची माती थंड, ओली व अबाधित आहे का, हेही पाहावे लागते.