मोरींतील पाण्याचें कुलूप

शहरांतील घराला दाराचें कुलूप जितकें आवश्यक, तितकेंच आणखी एक कुलूप आवश्यक असतें. परंतु त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. हें कुलूप पाण्याचें असतें. मोरी व शौचकूप यांच्या खालीं नळाला जो बांक दिलेला असतो, त्यांत सुमारें २ इंच खोल पाणी सदैव सांचून राहतें. सांडपाणी त्यांतून पुढें निघून जातें. गटारांतील दूषित हवेला मात्र उलट घरांत शिरतां येत नाहीं. कारागीर ह्यास ‘ट्रॅप’ म्हणतात. आपल्याकडे न्हाणीघरांत बसवितात तो ‘नहाणी ट्रॅप’ ह्याच जातीचा.

इ. स. १७७५ मध्यें लंडनमधील अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीनें शौचकूपाचें पेटंट घेतलें व त्यांत नळाला इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखा बांक दिला. पुढें असे शौचकूप वाढत गेले आणि शहराचा मैला थेम्स नदींत वाहूं लागला. त्याच नदीचें पाणी अनेक कुटुंबें पीत असत. १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी व पटकीची सांथ यांचा संबंध दाखवून दिला. तथापि बहुतेक वैद्य दुर्गंधीलाच रोगाचें मूळ समजत राहिले. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीचा दर्प इतका असह्य झाला कीं, पार्लमेंटमध्यें चुन्याच्या क्लोराइडांत भिजविलेले पडदे टांगावे लागले. मग मात्र कायदा झपाट्यानें संमत झाला आणि जोसेफ बॅझलजेट ह्या इंजिनियरानें ८२ मैलांचीं मुख्य गटारें बांधून मैला शहराच्या पूर्वेस दूर नेला. १८६६ मध्यें पटकी पुन्हां भडकली ती पूर्व लंडनमध्यें. तेथील गटारांचें काम तोंवर पुरें झालेलें नव्हतें. वैद्यांचें निदान चुकलें होतें, पण उपाय लागू पडला.

गटारांनीं मैला दूर नेला खरा, परंतु एक घर दुसऱ्या घराशीं जोडलेंही गेलें. दोहोंमध्यें आड आहे तो केवळ ट्रॅपमधील पाण्याचा. वरच्या मजल्यावरून पाणी वेगानें कोसळलें, तर नळांत ओढ निर्माण होऊन खालच्या ट्रॅपमधील पाणी खेंचलें जातें. म्हणून हवेचा स्वतंत्र नळ छपरावर नेतात. पण न वापरलेल्या मोरींतील पाणी वाळून जातें, त्याला नळाचा इलाज नाहीं.

ह्याचें प्रत्यंतर २००३ सालीं हाँगकाँगमध्यें आलें. तेथील अमॉय गार्डन्स ह्या वसाहतींत ‘सार्स’ ह्या श्वसनरोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. चौकशींत असें आढळलें कीं, न्हाणीघरांतील जमिनीवर पाणी ओतण्याचा प्रघात सुटल्यानें कित्येक ट्रॅप कोरडे पडले होते, आणि हवा बाहेर फेंकणारे पंखे सामायिक नळांतील दूषित हवा घरांत ओढून घेत होते.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं एखादी मोरी क्वचितच वापरली जाते, अथवा घर महिनोन्महिने बंद राहतें, त्यांनीं एवढेंच करावें: अशा मोरींत आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी ओतावें, व गांवाहून परत येतांच हें काम आधीं उरकावें.